दोन बोटं उंच सीट

सीट दोन बोटं उंच झाली होती. एरवी लाल सिग्नलला थांबलं की विट्स्केच्या दोन्ही बुटांची टोकं जमिनीला टेकत. आज डावं टोक जेमतेम टेकलं आणि उजवा पाय हवेतच लोंबकळत राहिला. तिने मोहरी रंगाच्या कोटाचा घोळ बाजूला करून खाली पाहिलं. सायकल तीच होती. गडद हिरवी, पुढे वेताची टोपली, तपकिरी चामड्याच्या मुठी. मग सीट कोणी वर केली?

"बाई, याहून हिरवा नाही व्हायचा तो!" मागून कोणीतरी ओरडलं. सिग्नल केव्हाच सुटला होता. लग्नाला निघालेला एक माणूस कडक इस्त्रीच्या सुटात, दातांत फुलांचा देठ धरून तिच्या शेजारून सुळकन पुढे गेला.

विट्स्के निघाली खरी, पण डोक्यात सीट फिरत राहिली. ती पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे एखादा आकडा भलताच आला की ती आधी विचारायची, यंत्राला हात कोणी लावला? इथेही तोच प्रश्न होता, आणि उत्तर एकच दिसत होतं. मागच्या शनिवारी ती आणि तिचा मित्र एव्हर्ट बाजारात गेले होते. टोपली ट्यूलिपांनी आणि भाजीने इतकी भरली की सायकल हाताने ढकलत दोघं घरी चालत आले. तेव्हापासून सायकल दाराबाहेर उभी होती, कारण आठवडाभर विट्स्के सर्दीने अंथरुणावर होती. रविवारी एव्हर्ट झ्वोलेला आपल्या घरी परत गेला. कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती. आणि बाजारातच तो म्हणाला होता, "सीट फार खाली आहे तुझी. गुडघ्यांचं वाटोळं करून घेशील."

तो फिजिओथेरपिस्ट होता. गुडघ्यांवर बोलायचा त्याला हक्क होता. पण सीट?

गेल्या महिन्यात त्याने तिच्या स्वयंपाकघरातले सगळे कप कान उजवीकडे करून लावले होते. चांगल्या मनाने केलं होतं, हेही तिला ठाऊक होतं. पण त्यानंतर तिचा हात रोज चुकीच्या बाजूला जायचा. इथल्याच, उत्रेख्तमधल्या एका दवाखान्याने एव्हर्टला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी त्याला उत्तर द्यायचं होतं. त्याचं उत्तर तिच्या उत्तरावर अडलेलं होतं. मी तुझ्याकडे राहायला येऊ का, हे त्याने पानगळीत विचारलं होतं. आता ट्यूलिपही झडायला आले, तरी ती "बघू" म्हणत होती. काय बघायचं होतं, ते तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं.

स्टेशनच्या दाराशी तो उभा होता. उंच, फिकट जाकीट, हातात हेरिंग माशाचं कागदी पुडकं.

"ही सीट तू वर केलीस ना?" विट्स्केने उतरता उतरताच विचारलं.

"कुठली सीट? अगं, आधी गालांवरचे तीन मुके तरी होऊ देत."

"रविवारी जाताना केलीस. गुडघ्यांचं वाटोळं म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. पण हात नाही लावला."

"मग काय, सीटला पालवी फुटली?"

"वसंत आहे. फुटलीही असेल."

"एव्हर्ट, हसू नकोस. कपही आपोआपच फिरले होते का?"

त्याने पुडकं टोपलीत ठेवलं. "कप मी फिरवले. तेव्हाच सांगितलं होतं तुला. सीट मी नाही केली."

तो खोटं बोलत असेल तर वाईट होतं. खरं बोलत असेल तर काहीच कळत नव्हतं. विट्स्के त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तिथे काही सापडेना.

एव्हर्टने किल्ल्यांच्या जुडग्यातून छोटा पाना काढला. "घेऊ का खाली? सांग किती."

"नको. तू हात लावू नकोस."

"बरं." त्याने पाना आणि दोन्ही हात खिशात घातले.

"मागे बस. मी चालवते."

एरवी तो चालवायचा आणि ती मागच्या कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसायची. आज तो गुमान मागे बसला. त्याचे बूट रस्त्याला घासू नयेत म्हणून त्याला गुडघे जवळजवळ छातीशी घ्यावे लागले. समोरून येणाऱ्या दोन बाया एकमेकींना कोपरं मारून हसल्या.

कालव्यावरच्या पुलाचा चढ आला. इथे दर वेळी विट्स्केचा उजवा गुडघा करकर वाजायचा. आज मागे एवढा मोठा माणूस असूनही गुडघा गप्प राहिला. तिला याचाच जास्त राग आला. सीट त्याने वर केली असेल तर तो बरोबर ठरत होता. केली नसेल तर रागवायचं कोणावर?

"सोमवारचं..." मागून आवाज आला.

"आत्ता नको. समोर गर्दी आहे."

समोर एक बदक होतं.

पुलापलीकडे रीनसचं सायकलींचं दुकान होतं. दोन्ही सायकली तिने त्याच्याकडूनच घेतल्या होत्या, आधीची आणि ही. कदाचित नटच ढिला असेल, सीट हलत असेल. त्याला विचारावं म्हणून ती थांबली. दारातच एक उंच बाई तावातावाने बोलत होती आणि रीनस काळ्या ज्येष्ठमधाची गोळी चघळत, मान डोलवत, स्टँडवरच्या सायकलीची सीट वर करत होता.

"आठवडाभर माझे गुडघे हँडलला आपटताहेत, रीनस! आणि हा नवरा म्हणतो, मी नाही केली खाली. मी नाही, मी नाही. शेवटी काल कबूल झाला!"

विट्स्केने त्या सायकलीकडे पाहिलं. गडद हिरवी. वेताची टोपली. तपकिरी मुठी. टोपलीच्या कडीला लाल लोकरीचा धागा.

तो धागा तिने स्वतः बांधला होता, गर्दीत सायकल ओळखता यावी म्हणून. तिने आपल्या टोपलीची कडी पाहिली. धागा नव्हता. हेरिंगचं पुडकं उचलून खालीही पाहिलं. प्रयोगशाळेत नाव न लिहिलेल्या बाटलीला ती बोटही लावायची नाही. आणि शनिवारी बाजारातून परक्याच बाईची सायकल फुलं लादून घरी आणली होती!

"ती माझी आहे," विट्स्के म्हणाली. "आणि ही बहुतेक तुमची."

त्या बाईचं नाव आलायदा. तिने एकदा या सायकलीकडे पाहिलं, एकदा त्या सायकलीकडे. "पण माझी किल्ली लागली की हिला!"

"लागणारच," रीनस म्हणाला. "एक हॉटेल बंद पडलं, त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सायकली मी विकत घेतल्या. सगळ्यांना एकच किल्ली. हॉटेलवाल्याला सोयीचं होतं ना."

"आणि हे आम्हाला सांगायचं नाही?"

"मला वाटलं, एक पुलाच्या अलीकडे राहते, एक पलीकडे. दोघी कशाला एका खांबाला सायकल लावतील?" त्याने गोळी दुसऱ्या गालात घेतली. "आता कुलपं बदलून देतो. फुकट."

आलायदा मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे त्याने काही केलंच नव्हतं."

"मग कबूल कसे झाले?" विट्स्केने विचारलं.

"भांडण मिटावं म्हणून, दुसरं काय! सॉरी म्हणाला, चूक झाली म्हणाला, पुन्हा हात लावणार नाही म्हणाला. मी माफसुद्धा केलं हो त्याला!" ती हसायला लागली आणि मधेच थांबली. "आता घरी जाऊन काय सांगू? तू खोटं का बोललास म्हणून पुन्हा भांडू?"

रीनस खो खो हसला. विट्स्केला हसू येईना. तिने मागे वळून पाहिलं. एव्हर्ट फूटपाथवर उभा होता, हात अजून खिशात. स्टेशनवर तोही म्हणू शकला असता, हो, मीच केली, सॉरी. तिचा राग तिथेच उतरला असता. मग त्याने सायकल चालवली असती, तिने मागे बसून हेरिंग खाल्लं असतं, आणि तिच्या हिशेबी तो कायमचा न विचारता वस्तू हलवणारा माणूस झाला असता. आत्ता काय झाला होता? कप फिरवणारा, सीट न फिरवणारा. याची बेरीज काय होते ते तिला कळेना. पण इतके महिने ती ज्या बेरजेची वाट पाहत होती, ती बहुधा होणारच नव्हती.

"बाई, तुमच्या सायकलीची सीट मी आत्ताच यांच्यासाठी वर केली," रीनस म्हणाला. "कुठवर खाली घेऊ?"

"तू काय म्हणतोस?" विट्स्केने एव्हर्टला विचारलं.

"मी? तू हात लावू नको म्हणालीस."

"तोंड उघडू नको नव्हते म्हणाले."

"मग राहू दे वर. पुलावर गुडघा वाजला नाही तुझा. मी मागे कान लावून बसलो होतो."

आलायदा टक लावून बघत होती. रीनसने पाना हवेतच धरला होता.

"एव्हर्ट," विट्स्के म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "सोमवारी दवाखान्याला हो म्हणून कळव. ये माझ्याकडे राहायला. पण कपांचे कान पुन्हा डावीकडे करायचे."