भागलं!

अगं पोरींनो, ऐका ना, मधे बोलू नका! आत्याच्या केस कापायच्या दुकानात मी कात्री धरायला शिकतेय, माहितीय ना? तर आत्याचा नियम असा, दिवसाची ठरलेली रक्कम गल्ल्यात पडली की टाळी वाजवून "भागलं!" म्हणायचं आणि शटर खाली. मग बाहेर रांग का असेना! आणि गिऱ्हाईक फिरकलंच नाही, तर बसा रात्रीपर्यंत माश्या मारत. म्हणजे बघा, तेजीत सुट्टी आणि मंदीत ओव्हरटाइम!

काल जत्रेतल्या आकाशपाळण्याचा शेवटचा दिवस. कुरळ्यानं, हो गं तोच, डोक्यावर स्प्रिंगा उगवलेला, सहाला बोलावलेलं. महिनाभर नुसतं बघून हसणं चाललेलं, काल गेले नसते तर विषयच संपला असता. आणि गल्ल्यात सकाळपासून ठणठण गोपाळ!

मग मी भावाच्या दोन मित्रांना ओढून आणलं. शेजारचा बेकरीवाला आणला. त्याचे सासरे पण आणले, चक्क टक्कल असलेले.

"आजोबांचं काय कापू?" आत्या म्हणाली.

"कानावरचे!"

पाचला रक्कम जमली. मी शटरला हात घालून उभी. तर बाई म्हणतात कशा, "आज दिवस तेजीचा दिसतोय गं. एवढ्यावर कसं भागेल? अजून एक तरी येईलच."

घ्या! माझ्याच हातानं माझ्याच पायावर धोंडा!

साडेसहाला दारात कोण? कुरळ्या! "येतेस ना?"

मी आत्याकडे बघितलं. आत्यानं त्याच्या डोक्याकडे.

"एकच गिऱ्हाईक कमी पडतंय रे," मी पुटपुटले.

आणि तो गपचूप खुर्चीत बसला गं! आत्याला बारीकच आवडतात. मशीन फिरलं, स्प्रिंगा जमिनीवर, खुर्चीत सोललेलं अंडं! ज्या केसांवर मी फिदा, तेच मी झाडूनं गोळा करतेय. रडू येतंय आणि हसू आवरत नाहीये.

त्यानं पैसे पुढे केले. आत्यानं हात मागे घेतला.

"ठेव. घरच्या माणसाचे घेत नाही मी."

घरच्या!! माझे कान लालबुंद. "अगं आत्या, मग भागलं कुठे?"

"भागलं नाही, मी भागले! तुमची नाटकं बघून. पळा आता!"

पळालो ना! शेवटची फेरी मिळाली. पाळणा वर गेला, वारा सुटला, आणि बिचाऱ्याच्या डोक्याला अशी थंडी वाजायला लागली... मग काय करणार, माझे दोन्ही हात होतेच की!