तीन नंबरचा सिलिंडर

माझ्या काकांना, बाबुरावांना, मी ज्या दिवशी संपवलं त्या दिवशी मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

परळला आल्बर्ट शेठच्या गॅरेजमध्ये काका बत्तीस वर्षं मिस्त्री. मला तिथे त्यांनीच चिकटवलं. पाना कसा धरायचा ते शिकवलं आणि चुकलो की त्याच पान्याने बोटांवर हाणलं. त्याचा मला राग नाही, काम असंच शिकतात. राग आहे तो गेजचा. सिलिंडरमधला दाब मोजायचा गेज मी पहिल्यांदा विकत आणला तेव्हा काकांनी तो गिऱ्हाइकांसमोर उचलून काळ्या तेलाच्या बादलीत टाकला. म्हणाले, "अभयला बायकोचा मूड पण काट्यावर बघावा लागणार." सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण ते आत कुठेतरी जाऊन बसलं.

काकांचा गेज म्हणजे त्यांचा अंगठा. गाडी मिसिंग करतेय, प्लग बदलला, वायर बदलली, तरी एक सिलिंडर कामच करत नाही, असं झालं की काका प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबायचे आणि सेल्फ मारायला सांगायचे. आत दाब असेल तर अंगठा उडतो, नसेल तर नुसती फुंकर लागते. हे ते गार इंजिनावरच करायचे. एकदा ते म्हणाले "दाब आहे", की विषय संपला. मिस्त्रीकडे आलेली गाडी दुसऱ्याने तपासायची नाही, असा शेठचा नियमच होता.

पण वर्षभरात तीन गाड्या परत आल्या. तिन्ही काकांनी पास केलेल्या. शेठने मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी एक आली की बाबूला घरी बसवतो, मिस्त्री तू.

गाड्या का परत येत होत्या ते मला ठाऊक होतं. कमलाकाकीने सांगितलं होतं. काकांची साखर वाढलेली. चपला रस्त्यात निसटायच्या तरी त्यांना कळायचं नाही, उकळत्या चहाचा ग्लास पाण्यासारखा हातात धरायचे. कुणाकडे बोलू नकोस, असं काकीने माझा हात धरून सांगितलं. गॅरेज सुटलं तर माणूस उरणार नाही, म्हणाली. मी तिला शब्द दिला.

त्यानंतर गिरगावच्या ॲन्टोनेट टीचरची जुनी गाडी आली. सिग्नलला उभी राहिली की गचके खायची. काका यायच्या आधी मी नियम मोडून, गुपचूप आणलेला दुसरा गेज लावला. बाकीच्या तीन सिलिंडरमध्ये दीडशेच्या वर दाब, तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये जेमतेम तीस. काकांना कोपऱ्यात नेऊन सांगता आलं असतं, काका, तीन नंबर बसलाय, तुम्ही नुसतं तसं म्हणा. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी गेज खिशात टाकला, गाडी चालू केली आणि अर्धा तास तशीच ठेवली. मग बंद करून बॉनेट उघडून उभा राहिलो.

काका आले तेव्हा शेठ आणि टीचर तिथेच होते. काकांनी मला विचारलं, "गार आहे ना?"

"गारच आहे. आत्ता ढकलत आत घेतली," मी म्हणालो.

त्यांनी इंजिनाच्या वरच्या झाकणावर, हेडवर, तळहात ठेवला, मान डोलावली. मिनिटभर गाडी चालू करून एकेक वायर काढून बघितली. तीन नंबरची काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही. बरोबर जागी आले होते. चारही प्लग काढले आणि तीन नंबरच्या भोकावर अंगठा घट्ट दाबला. मी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि धरून ठेवली. मनात दहा आकडे मोजले.

वास आधी टीचरला आला. काका मात्र डोळे मिटून लक्ष देत होते. "दाब आहे," ते म्हणाले. "प्लग बदलून दे."

"बाबू, हात काढ," शेठ म्हणाले.

काकांनी हात काढला तेव्हा कातडीचा तुकडा धातूला चिकटून राहिला. ते अंगठ्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसे. मी खिशातून गेज काढून लावला. काटा तिसावर थांबला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

अंगठ्याला फडकं गुंडाळत काका म्हणाले, "मग व्हॉल्व्ह जळलाय. धूर नाही, तेल खात नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या नाहीत. हेड उघड." कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. शेठने टॅक्सी बोलावली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्री म्हणून हेड उघडलं. तीन नंबरचा व्हॉल्व्ह कडेला जळून खाल्लेला होता. रिंगा ठणठणीत होत्या.

काकांची जखम भरली नाही. बाराव्या दिवशी अंगठा काढावा लागला. मी अँटॉप हिलला त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा काकी त्यांना वरणभात भरवत होती. गरम इंजिनावर घाईत हात पडला, एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. माझं नाव घेतलं नव्हतं. काकीने मलाही ताट वाढलं.

ती पाणी आणायला आत गेली तशी काकांनी हळूच विचारलं, "काय निघालं रे?"

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला दिसत होतं. बत्तीस वर्षांतलं तेवढंच शिल्लक होतं आणि तेही मला त्यांच्याकडे राहू द्यायचं नव्हतं.

"रिंगा," मी म्हणालो. "व्हॉल्व्ह सगळे चांगले होते."

काकांनी बँडेजचा हात मांडीवर ओढून घेतला.

"बरं झालं तू होतास," ते म्हणाले. "मी त्या बाईचे व्हॉल्व्ह फुकट बदलले असते."