बिनऔषधाची डिश

तीन वाजता माझी पीएचडीची तोंडी परीक्षा, आणि सव्वाबारा वाजता वकिलीणबाईंना शंका आली. वकिलीणबाई म्हणजे शेजारच्या टेबलावर काम करणारी माझी मैत्रीण. उलटतपासणी घेतल्याशिवाय तिला घास गिळवत नाही, म्हणून हे नाव.

"अगं, बिनऔषधाच्या पेशींचे फोटो किती वेळा घेतलेस?"

"दोनदा. सुरुवातीला आणि शेवटी."

"आणि औषधाच्या?"

"दर मिनिटाला."

तिनं हातातला घास परत डब्यात ठेवला.

माझं चार वर्षांचं संशोधन एवढंच: नवं औषध घातलं की कर्करोगाच्या पेशी आतून आम्ल होतात. पेशींत आम्ही अतिसूक्ष्म चमकणारे कण सोडतो. आत आम्लता वाढली की त्यांचा हिरवा उजेड मंदावतो, लाल तसाच राहतो, आणि दोन्हींच्या प्रमाणावरून पीएच कळतो; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त. पण कण चमकायला प्रत्येक फोटोला निळा झोत मारावा लागतो. मायक्रोस्कोपचे तास मिळताना मारामार, म्हणून तुलनेसाठी ठेवलेल्या, बिनऔषधाच्या पेशींच्या डिशवर मी वेळ वाचवला होता. शहाणीच मी! पेशी औषधानं नाही, झोतानंच बिघडत असतील तर?

वकिलिणीनं तिची डिश दिली. त्याच पेशी, तेच कण, औषधाचा थेंबही नाही. आम्ही दिवे मालवून बसलो आणि दर मिनिटाला फोटो घेऊ लागलो.

पहिला आकडा सात पॉइंट दोन. पाचव्या मिनिटालाही तोच. मी श्वास सोडला, जरा लवकरच.

नवव्या मिनिटाला सात पॉइंट एक.

"एवढं इकडंतिकडं होतंच," मी म्हणाले. तिनं पुढचा फोटो घेतला.

तेवढ्यात आईचा फोन. "जेवलीस का गं?"

"हो," मी ठोकून दिलं.

विसाव्या मिनिटाला सहा पॉइंट आठ. माझ्या प्रबंधात औषधाच्या नावावर हाच आकडा होता.

"मी कुणाकडे बोलणार नाही," वकिलीण हळूच म्हणाली. "तुझं तू ठरव."

ते ऐकून मला हायसं वाटलं. इतकं हायसं, की माझी मलाच भीती वाटली. विचार करत बसले तर गप्पच राहीन, हे कळत होतं, म्हणून तिथूनच माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"बोला, डॉक्टर," सर भलतेच खुशीत होते.

"सर," मी म्हणाले, "अजून नाही."