बोटांची साल

टाचा घासायच्या वज्रीच्या खाचांत अडकलेले सतरा पापुद्रे, ताटलीत तेवीस. आईच्या बोटांवरून निघालेले, पांढरट, उजेडाकडे धरले तर आरपार दिसणारे… सुषमाने ते पुन्हा मोजले. यांतली एकही पेशी जिवंत नव्हती. अंगावर असतानाच त्या मरतात, तरी एकमेकींना चिवट धरून राहतात — सॅलिसिलिक मलम ती पकड सैल करतं, वज्री उरलेलं खरवडते, आणि खालचा नवा थर उघडा पडतो. बी.एस्सी.ला हे लिहून तिने चांगले गुण मिळवले होते.

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी गावी पळून पुन्हा तिथल्या नवागामला आल्यापासून आई घरीच मजुरीवर साड्यांच्या घड्या घालत होती. कोरडं कापड दिवसभर बोटांचं तेल शोषून घेई, बोटं फुटत, आणि फुटलेल्या सालीत जॉर्जेटचा धागा अडकून ओढला जाई — तशी साडी परत येई. गेल्या आठवड्यात गठ्ठे वाटणाऱ्या वत्सलाबाई आईला म्हणाल्या होत्या, "सुंदरे, हात हायेत का किसणी?" हसतच म्हणाल्या… पण नवा गठ्ठा शेजारी शांताबाईंकडे टाकून गेल्या. सुषमाचा एम.एस्सी.चा प्रवेश या घड्यांवरच उभा होता.

म्हणून आठवडाभर मलम, कोमट पाणी, वज्री. आई हात पुढे धरून बसे, जणू ते दुसऱ्या कुणाचे… आज कडा लाल झाल्या होत्या, एका ठिकाणी रक्तही. सतत घासलं की कातडी उलट जाड होते, हे पुस्तकात होतं. किती घासलं म्हणजे सतत, ते नव्हतं. म्हणजे मी कुठे थांबायचं होतं?

तिने जॉर्जेटची चिंधी आईच्या बोटांवरून ओढली. नऊ ठिकाणी अडकली. सोमवारी सहाच ठिकाणी अडकली होती.

आईने चिंधी तिच्या हातातून घेतली. मग म्हणाली की वत्सलाबाईंना काय, हात गुळगुळीत हवेत, कुणाचे का असेनात.

"आण तुना हात."

"माझा कशाला, आई?"

"आण ना, बेटा."

आजवर हीच आई तिला साडीला शिवू देत नव्हती — तू तुझं वाच, म्हणायची… काचपट्टीवर पसरणारा जांभळा थेंब, सूक्ष्मदर्शकाचा गार स्पर्श, सगळं एकदम दुसऱ्याच कुणाचं वाटलं, ऐकलेलं. मनगटावर आईची खरखरीत पकड होती. चिंधी एकेका बोटावरून सावकाश सरकत गेली.

दहा बोटं. शून्य ठिकाणी अडकली.