तुटक की सलग

रेघ तुटक काढली, पण पडद्यावर सलग दिसते आहे?

घाबरू नका. ताईला हाक मारा.

नकाशांच्या त्या ऑफिसात एवढंच करायचं असे. जुन्या इमारती आतून बदलायच्या, हे तिथलं काम. भिंत पाडायची असेल तर रेघ तुटक, ठेवायची असेल तर सलग. आणि कॉम्प्युटरला मधूनच झटका यायचा. काढलेली तुटक रेघ तो सलग दाखवायचा. मग कुणीतरी ओरडे, "ताई, माझ्या भिंती परत उभ्या राहिल्या!" ताई येई, खुर्चीवर न बसता वाकून दोन कळा दाबी आणि भिंती पुन्हा तुटत.

दोष बहुतेक वेळा स्केलचा असे. रेघेतले तुकडे केवढे दाखवायचे, हे एक आकडा ठरवतो. तो फार मोठा झाला की एकच तुकडा अख्खी भिंत गिळतो. फार लहान झाला की तुकडे इतके बारीक होतात की डोळ्याला सलग रेघच दिसते. रेघ तुटकच असते. दिसत नाही, एवढंच.

हे ताईला पाठ होतं. तिच्या बापाला ठाऊक नव्हतं.

आकडा बरोबर असूनही फरक पडत नसेल तर

खुर्चीवर कोण बसलंय ते बघा.

खिडकीजवळच्या खुर्चीवर बाप बसे. तो कागदाच्या जमान्यातला माणूस, माउस दगडासारखा धरायचा. पण त्याने पडद्यावर नजर फिरवल्याशिवाय आणि छापील कागदावर लाल पेन्सिलीने सही केल्याशिवाय एकही नकाशा दाराबाहेर जात नसे. ताईचे केस कानशिलापाशी पांढरे होऊ लागले होते, तरी तिचं टेबल दाराजवळच होतं, फोटोकॉपीच्या मशीनला खेटून.

"बाबा, छोट्या कामांवर तरी मी सही करते."

"डोळे आहेत तोवर खुर्ची माझी. डोळे गेले की तुझी," बाप म्हणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तिचा नकाशा उचलून काकांना दाखवी. काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. "बघा काका, हा जिना. माणसांसाठी आहे की शेळ्यांसाठी?"

काका हसत. हसणं हाही त्यांच्या नोकरीचा भाग होता.

डोळे गेले की तुझी. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की एके दिवशी तिला ते सूचनेसारखं वाटलं.

बिघाड मुद्दाम करायचा असेल तर

तपासायच्या फायली ताईच त्याच्याकडे पाठवायची. त्याच्या प्रतीत तिने फक्त तो आकडा लहान केला.

"ही बाथरूमची भिंत पाडायची होती ना?" बापाने विचारलं.

"हो."

"मग सलग का?"

ताई जवळ गेली, वाकली, डोळे बारीक केले. "तुटक आहे की, बाबा."

"कुठे तुटक? स्केल बघ तुझं ते."

तिने उगाच दोन कळा दाबल्या. "स्केल बरोबर आहे. स्पष्ट तुटक दिसतेय." आणि हळूच, काळजीने: "तुम्हाला नाही दिसत?"

बापाने चष्मा पुसला. पुन्हा पुसला. त्या दिवशी त्याने कुणाच्या जिन्यावर शेरा मारला नाही.

मग हे रोजचंच झालं. तो विचारी, "सलग?" ती म्हणे, "तुटक." छपाई ताईच्या मूळ फायलीवरून होई, म्हणून कागदावर त्याला तुकडे दिसत, पण त्यालाही तिच्याकडे उत्तर होतं. "पडद्याच्या उजेडानेच जातात डोळे. कागदावर शेवटी कळतं."

"आणि कागदावर दिसेनासं झालं की?"

"बघू ना तेव्हा," ताई म्हणाली. एवढ्या मायेने ती बापाशी कधी बोलली नव्हती.

घरी आई म्हणाली, "अगं, हे काल दाराची चौकट चाचपत होते. मी हसले तर अंगावर आले माझ्या."

"वय झालं, आई."

"डॉक्टरकडे नेतेस का?"

"ते यायला तयार हवेत ना. मी म्हटलं तर म्हणतील, खुर्चीवर डोळा आहे हिचा."

आईला ते पटलं. तसं ते खोटंही नव्हतं.

बाप रस्ता ओलांडताना तिचा दंड धरू लागला. सुरुवातीला दोन बोटांनी, नंतर मुठीने. पोरगी लहान असताना तिचा हातही त्याने कधी असा धरला नव्हता. ताईला त्याचं थोडं वाईट वाटायला हवं होतं. तिला वाटलं, खुर्चीची गादी बदलून घ्यावी.

आता

ठेकेदार आला होता. जुन्या छापखान्याचा दवाखाना करायचा होता आणि कामगार दुसऱ्या दिवशी घण घेऊन येणार होते. ठेकेदार बापाच्या खुर्चीमागे उभा राहून सुपारी शोधावी तसे खिसे चाचपत होता.

"ताई," बापाने खिडकीजवळून हाक मारली. आवाज थकलेला होता. "ही मधली मोठी भिंत. मला सलग दिसतेय गं."

ताई दाराजवळ कागद कापत होती. तिने मान वर केली नाही.

"तुटक आहे, बाबा."

"नक्की? परत एकदा सांग. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही."

"नक्की. पाडायचीच आहे ती. तुम्ही सही करा."

ठेकेदाराचे हात खिशातच थांबले. "मधली भिंत पाडायची? अहो ताई, मग छप्पर काय तुम्ही डोक्यावर धरणार का?"

कात्री थांबली. ताई उठली आणि खिडकीपर्यंत गेली. पडद्यावर मधली भिंत होती. सलग. तिनेच काढलेली, सलगच काढलेली, आणि या भिंतीचा आकड्याशी काही संबंधच नव्हता.

"बाबा, मी... मला वाटलं, तुम्ही ती दुसरी..."

"गेल्या आठवड्यात माझ्या हातून हे चाक फिरलं," बाप म्हणाला आणि माउसचं चाक त्याने बोटाने पुढे ढकललं. शेजारची एक पाडायची भिंत मोठी होत गेली, आणखी मोठी, आणि सलग रेघेतून बारीक बारीक तुकडे बाहेर आले. "जवळ गेलो तर मुंग्यांची रांग. मला वाटलं, चूक झाली असेल पोरीची. म्हणून रोज विचारत राहिलो. आज तर तू उठलीसुद्धा नाहीस."

मग बाप काकांकडे वळला.

"काका, डोळे कुणाचे गेले हो?"

काका हसले.

दुरुस्तीनंतर

त्याने तिला काढलं नाही. काढलं असतं तर सुटली असती. त्याने तिचं टेबल आपल्या खुर्चीला लावून घेतलं आणि नवीच रीत पाडली. रोज सकाळी, सगळे आले की, नकाशाच्या छापील कागदावर तो लाल पेन्सिलीचं टोक ठेवी.

"तुटक की सलग?"

"सलग."

"वा! डोळे चांगले आहेत तुझे. आणि ही?"

"तुटक."

"वा!"

ठेकेदाराने ही गोष्ट कामाकामावर पोचवली. दुसऱ्या ऑफिसची माणसं कागद न्यायला येत आणि वेळ मुद्दाम सकाळची निवडत. आई घरी तिच्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलू लागली. कुणाच्याही भिंती परत उभ्या राहिल्या तरी आता ताईला कुणी हाक मारत नसे. स्वतःच्या मशीनजवळ तिला येऊ द्यायची कुणाची तयारी नव्हती.

ही रीत जुनी झाली. हसणंही सवयीचं झालं.

मग एका सकाळी पेन्सिल कागदावर टेकली आणि बापाने विचारलं, "तुटक की सलग?"

ताईने पाहिलं. टोकाखाली रेघच नव्हती. दोन भिंतींच्या मधली कोरी जागा होती.

तिने बापाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, फक्त तिच्या कानाच्या जरा बाजूला. चष्मा स्वच्छ होता.

"विचारलं मी काहीतरी," बाप म्हणाला. आवाज नेहमीचा होता.

मागे कुणीतरी आधीच हसायला लागलं होतं. आता ताईने उठून सांगितलं असतं, की बाबांना खरोखरच दिसत नाही, तर तिच्यावर कुणी विश्वास ठेवला असता? काकांनी? आईने? बापाने स्वतः तरी कबूल केलं असतं?

"तुम्हाला काय दिसतंय, बाबा?" तिने अगदी हळू विचारलं. तिच्या आवाजात ती जुनी माया परत आली होती.

बापाने पेन्सिलीचं टोक कोऱ्या जागेवर थोडं पुढे सरकवलं.

"सलग," तो म्हणाला.

"वा!" ताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "डोळे चांगले आहेत तुमचे."

आणि सहीसाठी तिने दुसरा कागद त्याच्या पेन्सिलीखाली सरकवला. त्यावर काय होतं, ते त्याने विचारलं नाही.