कॅप्टनच्या घराखालचा हौद

मी एक जुना हौद आहे. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावर, खाडीवरच्या टेकडीवर कॅप्टन लेमुएलचं घर आहे, त्याच्या व्हरांड्याखाली मी बसलोय. वर सुट्टीला आलेले पाहुणे पाय पसरून समुद्र बघतात, फोटो काढतात, घराचं तोंडभर कौतुक करतात. माझा फोटो आजवर कुणी काढलेला नाही. नका काढू, मित्रांनो, माझं काही अडत नाही. पण या घराला आज जे चांगले दिवस आलेत ते कुणामुळे, हे मात्र एकदा नीट सांगून टाकतो. गर्व वाटला तर वाटू द्या. मला तो आहेच.

आमच्या बेटावर नदी नाही, ओढा नाही. आभाळातून पडेल ते छपराच्या पत्र्यावर झेलायचं, पन्हळीतून पाइपात सोडायचं आणि पाइपातून माझ्या पोटात. म्हणून इथं घर बांधताना आधी हौद खणतात आणि मग भिंतींचं बघतात. कॅप्टननं मला खणलं तेव्हा रीतीप्रमाणे पूर्वजांसाठी जमिनीवर रम शिंपडली, चार तांदूळ टाकले, आणि मगच पहिला दगड ठेवला. आतला गिलावा त्यानं स्वतः केला. त्याचं सगळं आयुष्य शिडाच्या गलबतावर गेलेलं. गलबतात पाणी येऊ द्यायचं नाही आणि हौदातून जाऊ द्यायचं नाही, विद्या एकच, असं तो गवंड्यांना ऐकवायचा. त्या गिलाव्याला आजपर्यंत केसाएवढीही चीर गेलेली नाही. आहे कुणाची छाती माझ्यासमोर असं सांगायची?

डासांच्या अळ्या खायला माझ्या पाण्यात चिमुकले मासे सोडले होते. कॅप्टनची थोरली लेक एथेलीन रोज सकाळी माझं झाकण उघडायची, काठी बुडवायची आणि किती पाणी उरलं ते आईला ओरडून सांगायची. धाकटा ऑबिन तिच्या झग्याला धरून डोकवायचा. ते दिवस फार छान होते, मित्रांनो. मी भरलेला असलो की घरातली माणसं हसतखेळत असायची, मी खाली गेलो की आवाज बारीक व्हायचे.

मग कॅप्टन गेला, त्याची बायको गेली. एथेलीन न्यूयॉर्कला परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, ऑबिन टोरांटोत घरं विकायच्या धंद्यात पडला. घराला कुलूप लागलं. पन्हळीत पाला साचला, माझ्या झाकणावर शेजारच्या शेळ्या येऊन बसू लागल्या. कितीतरी वर्षं मी, ते मासे आणि अंधार. कुणी विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटायचं.

म्हातारपण जवळ आलं तशी एथेलीन परत आली. घर नीट करून सुट्टीच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं आणि उरलेलं आयुष्य इथंच काढायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. ऑबिननं मात्र एक गिऱ्हाईक आणून ठेवलं होतं. त्याला घर पाडून तिथं मोठा बंगला बांधायचा होता, आणि माझ्या जागी पोहायचा तलाव. मला खणून काढून तिथं पाय बुडवायची सोय! घर दोघांच्या नावावर. बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं ते असं: ईस्टरला पहिले पाहुणे येतील, ऑबिन स्वतः हजर राहील. पाहुणे समाधानानं गेले तर घर राहील. नाही तर तो विक्रीच्या कागदावर सही करेल आणि एथेलीनही मुकाट्यानं करेल.

पोरीनं कामाचा नुसता धडाका लावला. जाहिरातीतल्या फोटोत उठून दिसावं म्हणून पत्रा लाल रंगवला. नवा रंग पाण्यात उतरतो, म्हणून रीतीप्रमाणे पाइपाचं तोंड माझ्याकडून काढून बागेकडे वळवलं. दोनतीन सरींनी पत्रा धुतला की तोंड परत माझ्याकडे करायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण एथेलीन पडदे, उशा, मच्छरदाण्या यांत अशी बुडाली की पाइप विसरलीच. इतकी वर्षं न्यूयॉर्कात राहून तिला सवय लागली होती, नळ फिरवला की पाणी येतं. ते येतं कुठून हे तिथं कोण विचारतं? त्या हंगामाच्या शेवटच्या सगळ्या सरी बोगनवेलीनं पिऊन टाकल्या. ती माजली, लालभडक झाली. आणि मी खाली ओरडतोय, अगं ए, इकडे बघ! पण हौदाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

कोरडे महिने लागले आणि पाहुणे आले. मिसेस पेनरोज या इंग्लंडातल्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांची लेक, जावई आणि दोन नातवंडं. माणसं गोड होती. जावई तर शॉवरखाली उभा राहून अख्ख्या गाण्यांची मैफल करायचा आणि इकडे खाली मी रिता होत जायचो. शेवटी गुड फ्रायडेच्या सकाळी पंपानं हवा ओढली, खोकला आणि बंद पडला.

एथेलीननं धावत येऊन झाकण उचललं. ऊन थेट माझ्या तळावर पडलं. कोपऱ्यातल्या डबक्यात मासे तडफडत होते. तिनं वर बागेकडेच वळलेल्या पाइपाकडे पाहिलं आणि माझ्या काठावर बसली. ऑबिनही आला. तो चिडेल असं मला वाटलं होतं, पण तो तिच्या शेजारी बसला.

"ताई, आपण आता इथले राहिलो नाही," तो म्हणाला. "मी दुसरं काय सांगत होतो?"

तिनं आधी पाइपाचं तोंड फिरवलं आणि मग पाण्याच्या ट्रकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आज गुड फ्रायडे, पोपचं लग्न असलं तरी मी चाकाला हात लावणार नाही. शेजाऱ्यांकडे मागायला तिची जीभ रेटेना. कोरड्या दिवसांत पाणी मागणं म्हणजे समोरच्याच्या ताटातला घास मागणं. पाहुण्यांना हॉटेलात पोचवायचं आणि सही करून मोकळं व्हायचं, एवढंच तिला सुचत होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारची टँटी ओर्मा आली होती. टँटी म्हणजे मावशी, आणि ही सगळ्या गावाचीच मावशी, जिभेला धार काढून ठेवलेली.

"पोरी, सकाळपासून तुझा पंप गप्प आहे आणि तूही. दोघांना झालंय काय?" तिनं विचारलं. मग माझ्यात डोकावली, बोगनवेलीकडे एकदा पाहिलं आणि सगळं समजली. "अस्सं. वेलीला आंघोळ आणि बापाच्या हौदाला उपास. अगं, आजचा उपास माणसांनी धरायचा असतो."

ऑबिन हळूच म्हणाला की आज कुणी कामाला हात लावणार नाही. त्यावर टँटी म्हणाली, "काम कोण करतंय? पाणी देणं हे कधीपासून काम झालं?"

आणि तिनं शंख मागवून फुंकला. खाडीत मासळीची जाळी लागली की ती ओढायला माणसं बोलवण्यासाठी आमच्याकडे शंख फुंकतात. चर्चमधली लांबलचक प्रार्थना नुकती सुटली होती. गुड फ्रायडेला शंख ऐकून लोक चक्रावले, आणि होते तसे टेकडी चढून आले. पुरुष काळ्या कोटात, बाया पांढऱ्या झग्यांत, हातात चर्चच्या टोप्या. टँटीनं दोन वाक्यांत काय ते सांगितलं. कुणी प्रश्न विचारला नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. जो तो आपापल्या घरी गेला आणि आपापल्या हौदातून पाणी काढू लागला. बादल्या, पातेली, तेलाचे रिकामे डबे. खालच्या आळीपासून माझ्या झाकणापर्यंत माणसांची रांग लागली.

पहिली बादली पडली तो आवाज, मित्रांनो, मी जन्मात विसरणार नाही. मला प्रत्येकाच्या पाण्याची चव कळत होती. टँटीचं जरा चुन्याचं. होड्या बांधणाऱ्यांच्या घरचं, त्याला लाकडाच्या भुशाचा वास. एका म्हातारीनं तर एवढासा तांब्या आणला. तिच्याकडे होतंच तेवढं.

गलका ऐकून मिसेस पेनरोज खाली आल्या. एथेलीननं मान खाली घालून सगळं खरं सांगितलं, पाइप विसरल्यापासून. बाईंनी ऐकून घेतलं, बाह्या दुमडल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. नातवंडं पातेली घेऊन पळत सुटली. जावई शरमेनं लाल झाला होता, तो एका वेळी दोन बादल्या उचलायला लागला. गाववाल्यांनी लगेच त्याचं नाव पाडलं शॉवरसाहेब, आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हशा गेला.

ऑबिन मात्र बाजूलाच उभा होता. एवढं पाणी आपण फेडणार कसं, असं तो टँटीला विचारायला लागला. टँटीनं त्याच्याकडे नखशिखान्त पाहिलं.

"तू पाळण्यात होतास तेव्हा असंच कोरडं वर्ष पडलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या बापानं या हौदाला झाकण लावलं नाही. आख्खं गाव इथं पाणी भरत होतं. आणि तुझे लंगोट तुझी आई समुद्राच्या खाऱ्या पाण्यात धुवायची, आमच्या पोरांना प्यायला उरावं म्हणून. महिनाभर ढुंगण लाल होऊन बोंबलत होतास. फेडायचं म्हणे! तू पाळण्यातच फेडलंयस, बाबा. आता ती बादली उचल."

मला सगळं आठवत होतं. इतकी वर्षं ते कुणीतरी मोठ्यानं बोलावं म्हणून मी वाट बघत होतो. ऑबिननं चकचकीत बूट काढले, पँट वर दुमडली आणि बहिणीच्या शेजारी उभा राहिला. त्यानं ओतलेल्या पहिल्या बादलीबरोबर दोन थेंब खारे पडले. ते मी कुणाला सांगितले नाहीत, आज तुम्हाला सांगतोय.

उन्हं कलायच्या आत माझ्यात गुडघ्याच्या वर पाणी होतं. एथेलीननं कळ दाबली. पंप एकदा गुरगुरला आणि लागला चालायला! लोकांनी टाळ्या पिटल्या, टोप्या उडवल्या, गुड फ्रायडे आहे हेसुद्धा विसरले. ईस्टरच्या सोमवारी अंगणात तीन दगडांवर मोठमोठी भांडी चढली. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला कू-कू, भाताचे गोळे, तुरीच्या दाण्यांचे गोळे, रात्रीपर्यंत ढोल. मिसेस पेनरोज पदर खोचल्यासारखा झगा खोचून नाचल्या आणि निघताना पुढच्या ईस्टरसाठी घर सांगून ठेवलं. पन्नास ठिकाणी सुट्ट्या घालवल्या, पण यजमानांच्या गावानं पाणी भरून दिलं असं एकच घर, असं त्या बोटीवर चढेपर्यंत सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑबिननं माझ्या झाकणावर बसून त्या गिऱ्हाइकाला फोन लावला. घर विकायचं नाही, म्हणाला. पलीकडचा माणूस किंमत वाढवत होता, कारण विचारत होता. ऑबिननं माझ्या झाकणावर हलकी थाप मारली.

"घर आमचं आहे हो," तो म्हणाला, "पण त्याच्या हौदात गावाचं पाणी आहे. ते विकायचा मला हक्क नाही."

ऐकलंत? राजे गेले, कॅप्टन गेले, पण असा मान कुठल्या हौदाला मिळाला असेल तर दाखवा. त्यानंतर एकही ईस्टर हे घर रिकामं राहिलेलं नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी पायाखाली मुकाट्यानं बसलेलं असेल, ज्याच्या जिवावर वरचं हसणंखेळणं चाललंय. ते मागणार नाही, ओरडलं तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. तुम्हीच त्याला कोरडं पडू देऊ नका.