पोशीचा पहिला, दुसरा आणि तिसरा नंबर

सिस्टर एमिलियानं आपला डावा पाय पोशीच्या उजव्या पायाशी सुंभानं बांधला आणि शाळेची स्वयंपाकीण कोंडी हिला शिट्टी मारायला सांगितलं. शिट्टी वाजेना. कोंडीनं ताटलीवर पळी हाणली. तीन पायांची शर्यत चार पावलं चालली, आणि दोघी थेट पाहुण्यांच्या खुर्चीत कोसळल्या. खुर्चीत सरपंच होते.

"पहिल्या आल्या!" कोंडी ओरडली.

शर्यतीत दुसरं कुणी नव्हतंच. शहाण्णव सालची दिवाळी झाली आणि खोडाळ्याजवळच्या या मिशनच्या शाळेतली मुलं आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर गेली. आजी आजारी म्हणून पोशी तेवढी उरली. परवा आजी उठून चालायला लागली. उद्या मामा टेम्पो घेऊन येणार होता. पोशी गेली की पावसाळ्यापर्यंत शाळेत सिस्टर, कोंडी आणि घंटा. म्हणून सिस्टरनं घाईघाईनं आजच क्रीडादिन काढला. बक्षिसं बघून पोर थांबेल, असा बेत.

सरपंच पुंजा कंबर चोळत भाषणाला उभे राहिले. "विद्यार्थी मित्रांनो! मागच्यांनी गडबड करू नका."

पोशीनं मागं वळून पाहिलं. मागं कोंबडी होती.

धावण्याच्या शर्यतीत पोशी मध्येच बसली, पायातला काटा काढला, उठली आणि पहिली आली. दुसरी तीच, तिसरीही तीच. मोठ्या फादरांनी पाठवलेल्या निकालाच्या कागदावर रिकामा रकाना चालत नव्हता. संगीत खुर्ची तर संपेचना. कोंडीला ताटलीचा ताल सापडला होता, ती थांबायलाच तयार नव्हती.

शेवटी पोशीचा ओचा साबणदाण्या, रिबिनी आणि कंपासपेट्यांनी भरला.

"आता नाताळचं नाटक," सिस्टर म्हणाली. "तू देवदूत. मेंढपाळ पण तूच."

"आन् मारिया?"

"तीही तूच."

"आन् बाळ?"

"पाय दुमडलेस तर गव्हाणीत मावशील."

पोशी खदखदून हसली. मग पायरीवर बसून तिनं भट्टीवर गेलेल्या सोबत्यांसाठी बक्षिसं वेगळी करायला घेतली. "ही रिबीन फागीला. साबणदाणी कमूला. कंपास तुकाला. तो मोडंल, पण देते."

"म्हणजे जाणार तू?"

"इथं कुणाला हरवू, सिस्टर? तू तर पडते."

सिस्टर खाली वाकून पायाचा सुंभ सोडायला लागली. सुंभ केव्हाच सुटला होता.

"कुठली भट्टी?"

"वसईला. मोठ्या चर्चच्या मागं."

"तिथंच पलीकडं माझी आई राहते. हिरवं दार आहे. एकटीच असते."

"मग तू पण चल ना टेम्पोत."

"शाळा कोण उघडणार?"

पोशीनं मोकळ्या पटांगणाकडं पाहिलं. ओच्याची गाठ मारता मारता म्हणाली, "मी जाईन तिच्याकडं. काय सांगू?"

"बरी आहे म्हणावं. कामातून सवड मिळत नाही." सिस्टरनं सुंभ बोटांभोवती गुंडाळला. "वर्गात बसायला जागा पुरत नाही, एवढी मुलं आहेत म्हणून सांग."

"किती सांगू?"

"चाळीस."

पोशीनं बोटांवर मोजून पाहिलं.

"मला धरून?"

"तुला धरून," सिस्टर म्हणाली.